आत कुणाचं लुगडं?

आईचा प्रश्न तीनच शब्दांचा होता. रविवारी माझी दुपार आणि तिची रात्र जुळते तेव्हा आमचा फोन असतो. ती भांडी आवरून, चष्मा पदराला पुसून, फोन तांब्याला टेकवून बसते, त्यामुळे निम्मा वेळ मला तिची हनुवटी आणि मागच्या फडताळातली डब्यांची रांगच दिसते. त्या दिवशी माझ्या मांडीवर पांढऱ्या लिननचा एक जाडजूड अंगरखा पसरलेला होता आणि बोलता बोलता मी त्यात उभे टाके घालत होतो. "काय शिवतोयस?" असं तिने विचारल्यावर मी तो उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि भरात येऊन एक व्याख्यानच ठोकलं. हा ॲकेटन. चौदाव्या शतकातला स्कॉटिश भालाईत हा घालायचा. वर लोखंडी चिलखत असेल तर त्याच्याखाली, नसेल तर हेच त्याचं चिलखत. दोन कापडांच्या मध्ये कापूस, वरून उभ्या ओळींत धावदोरा. आईने चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. "वाकळच की ही," ती म्हणाली, "बाह्या लावलेली." मग जरा थांबून, "आत कुणाचं लुगडं?"

लुगडं नाही गं, विकतचा कापूस आहे, रोल मिळतो, असं मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आमच्या घरात "बरं" या शब्दाचे चार-पाच अर्थ होतात, हा त्यातला न पटल्याचा होता. मग विषय कराडच्या मावशीच्या गुडघ्यांकडे वळला. फोन ठेवून मी पुन्हा सुई हातात घेतली, तर टाका काही सरळ येईना.

तो प्रश्न मला पुढे कित्येक महिने पुरला.

मी स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ॲबी क्रेगच्या टेकडीवरचं, इंग्लंडशी लढलेल्या विल्यम वॉलेसचं स्मारक दिसतं, म्हणजे ढग नसतील तेव्हा दिसतं. इथे राहायचं म्हणजे मध्ययुग टाळता येत नाही. भाजी आणायला जातो त्या रस्त्याच्या टोकाला फोर्थ नदी आहे, आणि तिच्यावर १२९७ साली जो लाकडी पूल होता त्यापायीच इंग्लंडच्या फौजेची दाणादाण उडाली. १९९५ च्या 'ब्रेव्हहार्ट' या प्रसिद्ध सिनेमात या पुलाच्या लढाईत पूलच नाही, हे इथे कुणालाही सांगा, तो तुम्हाला चहा पाजेल. ऑफिसातला एक सहकारी मध्ययुगीन सैनिक होऊन शनिवार-रविवार मैदानात तंबू ठोकणाऱ्या गटात होता. "एकदा येऊन तर बघ," म्हणाला. गेलो, आणि शेकोटीवरच्या काळ्या हंड्यातलं जवाचं पातळ सूप पिऊन परत आलो तो अडकूनच आलो.

सुरुवातीला माझ्या डोक्यात जे चित्र होतं ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं: चौकड्यांचा किल्ट, तोंडाला निळा रंग, पाठीला माणसाएवढी तलवार. गटात सामान तपासायचं काम एका निवृत्त सुताराकडे आहे. बोलणं कमी, भुवया जाड. त्याने माझी यादी वाचली आणि कानावरची पेन्सिल काढून एकेक ओळ खोडायला घेतली. किल्ट खोडला, कारण कमरपट्ट्याने आवळायचा तो मोठा चौकड्यांचा पंचाच मुळी सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, आणि आज लग्नात नेसतात तो आखूड किल्ट तर अठराव्या शतकातला. निळा रंग खोडला. दोन हाती मोठी तलवारही खोडली, ती साधारण १५०० च्या आसपासची. शेवटी यादीत उरले ते बूट, आणि त्यांच्यापुढेही त्याने प्रश्नचिन्ह काढलं. "आधी ठरव," तो म्हणाला, "तुझी ऐपत काय?"

मला वाटलं पैशांचं विचारतोय. पण तो १३१८ मधली ऐपत विचारत होता. स्कॉटलंडच्या फौजेने इंग्लंडला हरवलं त्या बॅनकबर्नच्या लढाईला चार वर्षं झाल्यावर, त्या साली डिसेंबरात, स्कोन इथे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या संसदेने एक कायदा केला, कुणाच्या घरात कोणतं हत्यार असायलाच हवं त्याचा. दहा पौंडांची मालमत्ता असेल त्याने ॲकेटन, बॅसिनेट म्हणजे डोक्याला घट्ट बसणारं शिरस्त्राण, लढाईचे हातमोजे, भाला आणि तलवार बाळगायची. ॲकेटन-बॅसिनेट नसेल तर त्याऐवजी कड्यांचं आखूड चिलखत आणि लोखंडी टोपी चालेल. आणि ज्याच्याकडे फक्त एका गायीच्या किमतीएवढं काही आहे, त्याने एक चांगला भाला, नाहीतर एक चांगलं धनुष्य आणि चोवीस बाणांचा भाता. मूळ लॅटिनमध्ये "उनियुस वाक्के" असे शब्द आहेत, एका गायीचे. ईस्टरचा आठवडा उलटला की शेरीफ येऊन तपासणी करणार, आणि कसूर करणाऱ्याचा माल जप्त. माझ्या फ्लॅटवर वीस वर्षांचं कर्ज आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि सुताराला म्हटलं, "एक गाय." तो पहिल्यांदाच हसला.

असलं वेड लागलेल्या माणसाला अक्कल यायला थोडे पैसे जावे लागतात. मला ऐपत कळायच्या आधीच मी एक कड्यांचं चिलखत मागवून बसलो होतो. इंटरनेटवरच्या एका दुकानातून, स्वस्तात. खोकं दारात आलं तेव्हा टपालवाल्याने ते दोन्ही हातांनी ढकलतच आत सरकवलं. उघडलं तर मशीन ऑइलचा वास, गिरणीच्या पट्ट्याला येतो तसा, आणि तेलकट प्लास्टिकवर एक चिकटपट्टी: मेड इन इंडिया. मी जमिनीवर बसून बराच वेळ हसलो. जगभरातल्या हौशी सरदारांचं पुष्कळसं लोखंड आपल्याकडूनच जातं, देहरादूनकडे त्याचे मोठे कारखाने आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की आम्ही दोघंही एकाच रस्त्याने इथवर आलो. अंगात घातलं तेव्हा खांदे एकदम खाली गेले. ते वजन बाळाला कडेवर घेतल्यासारखं एका जागी नसतं, पाण्यासारखं वाहतं. हात वर केला की बाहीतून खाली, वाकलं की मानेवर. लहानपणी चौथीच्या पुस्तकात अंगरख्याखालचं चिलखत वाचताना, ते घालून माणूस चालत कसा असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सुताराने त्यातली एक कडी दोन अंगठ्यांच्या नखांत धरली आणि उघडली. नुसती. "यात भाला काय करील," एवढंच म्हणाला. माझ्या कड्यांची तोंडं फक्त एकमेकींना टेकवलेली होती. खऱ्या कामातल्या कडीचं तोंड चपटं करून, एकावर एक आणून, त्याला भोक पाडून त्यात मोहरीएवढा खिळा ठोकलेला असतो. एका कडीत चार कड्या, त्या प्रत्येकीत पुन्हा चार, असं हजारो वेळा. कुणीतरी बसून एकेक खिळा ठोकलेला असतो, म्हणून ते महाग, म्हणून ते गाय-वाल्याकडे नाहीच. चूक दुकानदाराची नव्हती. त्याने वर्णनात कड्या कशा जोडल्यात ते लिहिलं होतं, मला वाचता आलं नव्हतं. ते चिलखत मी निम्म्या किमतीत एका नाटकवाल्या पोराला विकलं आणि त्या पैशांत भाल्याचं फाळ, ॲशच्या लाकडाचा दांडा आणि सहा मीटर लिनन घेतलं. दांडा बसमध्ये घेत नाहीत. तीन मैल खांद्यावर टाकून चालत आणला. वाटेत एका आजीबाईंनी थांबवून विचारलं, की पडदे लावताय का?

तर असं या छंदाचं उफराटं गणित आहे. जितकं जास्त वाचावं तितकं अंगावरचं कमी होत जातं. नवशिक्याच्या अंगावर सगळं असतं, हेल्मेट, ढाल, कातडं, पट्टे, दोन सुऱ्या. आमच्यात वीस वर्षं काढलेली एक बाई आहे, ती लोकरीचा एक झगा, डोक्याला फडकं आणि हातात टोपली घेऊन येते आणि सगळ्यांत खरी दिसते. माझं सामानही शेवटी तिथवरच आलं: भाला, घमेल्यासारखी रुंद काठाची लोखंडी टोपी आणि ॲकेटन. टोपी आणि ॲकेटन खरं तर एका गायीच्या जरा वरचं काम आहे, पण कायदा किमान काय हवं ते सांगतो, जास्तीला मनाई करत नाही, असा मी वाद घातला. सुतार म्हणाला, "मग दीड गाय धरू."

लोखंड कितीही गंजलं तरी मातीत काहीतरी उरतं. स्वीडनच्या गोटलांड बेटावर विस्बीला १३६१ च्या लढाईत मेलेल्यांना जुलैच्या उकाड्यात घाईघाईने, अंगावरच्या लोखंडासकट खड्ड्यांत लोटलं होतं. ते उकरल्यावर कवट्यांभोवती गुंडाळलेल्या कड्यांच्या टोप्या तशाच्या तशा निघाल्या, म्हणून आम्हाला त्या काळातलं लोखंड कळतं. कापडाचं तसं नाही. ते घालणाऱ्याबरोबर कुजतं. स्कॉटलंडमधल्या भालाइताचा ॲकेटन बघायचा तर दगडात बघावा लागतो. त्यासाठी मी आणि तो सहकारी एका मे महिन्यात अर्गाइलमध्ये किलमोरी नॅपला गेलो. लॉक स्वीन या खाडीच्या कडेकडेने एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, मेंढ्या मात्र कुणासाठीच मागे जात नाहीत. शेवटी समुद्र, पलीकडे जुरा बेटाचे गोल डोंगर, आणि एक छोटं पडकं चॅपल, ज्यावर आता काचेचं छप्पर आहे. आत भिंतींना टेकवून थडग्यांच्या शिळा उभ्या केल्यात. बाहेर वारा नुसता घोंघावत होता आणि आत काचेखाली ऊब, ओल्या दगडाचा वास, एका कोपऱ्यात फडफडणारी माशी.

त्या शिळांवर माणसं आहेत. हिरवट-करड्या दगडात कोरलेली, डोक्याला टोकदार शिरस्त्राण, मानेभोवती कड्यांची झालर, हातात भाला नाहीतर मूठ धरलेली तलवार. आणि गुडघ्यापर्यंतचा तो अंगरखा, वरपासून खालपर्यंत उभ्या उभ्या फुगीर पट्ट्यांचा. पाथरवटाने चेहरे कामापुरते कोरलेत. नाक, दोन डोळे, झालं. पण त्या पट्ट्यांमध्ये त्याचं मन रमलेलं दिसतं. दोन टाक्यांच्या ओळींमध्ये कापड जसं फुगतं, काखेपाशी जसं चुरगळतं, घेरापाशी जसं थोडं उलगडतं, ते सगळं दगडात आहे. मी पट्ट्या मोजायला लागलो आणि छातीपाशी चुकलो, तिथला दगड सहाशे वर्षांच्या पावसाने गुळगुळीत झालाय. हात लावू नये हे माहीत होतं. जवळ नुसता तळवा धरला. आणि आईचं "वाकळच की ही" आठवलं. तोवर मी ते गंमत म्हणून घेतलं होतं. तिथे उभा असताना मला ती दिसली, आमच्या सोप्यात सारवलेल्या जमिनीवर पसरलेली, चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवलेली, आणि कडेने आत आत फिरत जाणारी आजीची सुई.

तिथल्या गेलिक भाषेत या अंगरख्याला "कोतून" म्हणायचे. ॲकेटन काय आणि कोतून काय, दोन्ही शब्द अरबी "अल-कुतन" वरून आले, म्हणजे कापूस. जिथे बोंड कधी उगवलंच नाही, जिथे वर्षातले निम्मे दिवस पाऊस, तिथल्या माणसाने जीव वाचवणाऱ्या वस्तूला कापसाचं नाव दिलं होतं.

आता सुईबद्दल. मी घरातला थोरला मुलगा, मला बटणसुद्धा लावता येत नव्हतं. आजी वाकळ शिवताना दुपारी दोन-तीन बायका यायच्या, एकीने एक कडा धरायची, आणि मी त्यांच्या मधून पळत जाऊन पसरलेल्या कापडावर उडी मारायचो. मग दाभण पायात जाईल म्हणून शिव्या. त्या बैठकीत कुणाच्या सुनेचं काय चाललंय तेही त्याच दोऱ्याने शिवलं जायचं. मला त्या टाक्यांनी कधी ओढलं नाही. आणि आता चाळिशीत, परक्या देशात, व्हिडिओ लावून, चष्मा नाकावर घसरवून, मी तोच धावदोरा पैसे मोजून शिकत होतो. दोऱ्याला मधमाशीचं मेण लावायचं, म्हणजे तो गुंतत नाही. अंगठ्याला तिसऱ्या दिवशी घट्टा पडतो. रात्री बोटांना मेणाचा वास येतो आणि तो जात नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मेण कुणी लावत नाही होय? तुझ्या आजीच्या डब्यात होतं की पोळ्याचं." मला ते माहीत नव्हतं. ते मी स्टर्लिंगमध्ये शोधून काढलंय असं मला वाटत होतं.

आणि लगेच तो प्रश्न पुन्हा: आत कुणाचं लुगडं?

सुताराशी बोलताना मी सहज विचारलं, की आत काय भरलंय ते तपासतोस का? नाही, म्हणाला. दिसतं तेवढं तपासतो. शिवण हाताची हवी, कापड जवसाच्या धाग्याचं किंवा लोकरीचं, रंग त्या काळातला. आतलं तुझं तू बघ. पुढच्या खेपेला मात्र त्याने एक झेरॉक्स आणून दिली. लंडनच्या चिलखतवाल्यांनी १३२२ मध्ये मालाच्या दर्जासाठी केलेले नियम. ब्रूसच्या कायद्यानंतर चारच वर्षं, शत्रूच्या राजधानीतले, पण कसबाच्या बाबतीत सीमा कोण पाळतो. त्यात आहे, की रेशमी कापडाने मढवलेल्या ॲकेटनमध्ये नवंच कापड, कापूस आणि रेशीम भरावं. आणि पांढऱ्या, साध्या ॲकेटनमध्ये जुनं विणलेलं कापड आणि कापूस भरावा. आतून आणि बाहेरून मात्र कापड नवं.

जुनं कापड, आणि तेही नियमातच. मी ते वाक्य ट्रेनमध्ये चारदा वाचलं. स्वस्तात उरकायचं म्हणून चिंध्या भरल्या असतील असा समज होता, पण इथे तर साध्या अंगरख्यासाठी जुनं कापडच रीतीचं ठरवलेलं. कारण कळायला मला माझ्याच मांडीवरचा अंगरखा पुरेसा होता. नवा कापूस टाक्यांच्या मध्ये गोळा होतो, सरकतो, खांद्यावर पातळ आणि पोटाशी गच्च. जुनं, शंभर धुण्यांचं मऊ कापड थरावर थर बसतं, सुईला वाट देतं आणि जागा सोडत नाही. वाकळ शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. विचारलं नव्हतं म्हणून तिनेच मला विचारलं होतं. पुढे १५२१ मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश विद्वानाने डोंगराळ मुलुखातल्या लोकांचं वर्णन लिहिलं: तालेवार लोक लढाईत कड्यांचं चिलखत घालतात, आणि साधी माणसं लिननचे तुकडे एकमेकांना शिवून केलेलं, मेण किंवा डांबर चोपडलेलं वस्त्र, वरून हरणाचं कातडं. तुकडे जोडून शिवलेलं. आईचं म्हणणं आता छापील निघालं होतं.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी घरी सांगितलेली नाही.

पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा आजीने माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत एक वाकळ घालून दिली होती. तिच्या हिरव्या इरकली लुगड्याची, लाल काठाची. एका उन्हाळ्यात खास माझ्यासाठी शिवलेली. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं. बाकीच्या दोघांकडे ते फुलाफुलांचे गुळगुळीत ब्लँकेट होते. वाकळ बाहेर काढली तेव्हा एकाने वास घेऊन दुसऱ्याकडे बघितलं. तेवढंच, एक शब्दही नाही. चुलीचा धूर, शेणाने सारवलेली जमीन, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, सगळ्यांचा मिळून तो वास होता. आठवड्याच्या आत मी ती वाकळ वॉचमनला देऊन टाकली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. दिवाळीला घरी गेल्यावर सांगितलं की चोरीला गेली. आजी म्हणाली, "नेणाऱ्याला ऊब तरी मिळंल." पुढच्या वर्षी ती गेली. घरातल्या बाकीच्या वाकळा हळूहळू फाटल्या, सोलापुरी चादरी आल्या, मग तेच फुलाफुलांचे ब्लँकेट आमच्याही घरी आले. मी आता स्कॉटलंडच्या एका बिननावाच्या भालाइताच्या अंगावर काय असेल त्याचा टाका न् टाका जुळवण्यासाठी सुट्ट्या खर्चतो, आणि त्या हिरव्या वाकळीचा टाका कसा होता, कडेने आत जायचा की मधून बाहेर, हे मला विचाराल तर नीट सांगता येणार नाही. सोप्यात ती पसरलेली मला दिसते म्हणालो ना वर, तीही हीच होती का दुसरी, कुणास ठाऊक.

ऑक्टोबरमध्ये आईला म्हटलं, जुनी कापडं आहेत का घरात? सुती. तिने का ते विचारलं नाही. गावाकडून येणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर गाठोडं आलं, चकल्यांच्या डब्याभोवती गुंडाळलेलं, म्हणजे वजनात दुहेरी काम. बाबांची दोन धोतरं, पिवळी पडलेली. आईची दोन पातळं. आणि एक लुगडं, दंड घातलेलं: मधला झिजलेला भाग फाडून टाकून दोन चांगली टोकं जोडलेली, बाहेर वापरायचं नाही, घरात नेसायचं. रंग ओळखू येत नव्हता, पण काठाला अजून लाल होता. इरकलीच. आजीचं का, असं विचारायला मी फोन उचलला आणि मग हवापाण्याचं बोललो. तिनेच शेवटी सांगितलं, "ते काठाचं तुझ्या आजीचं हाय. पेटीच्या तळाला होतं. एकच राहिलं होतं." आणि मग, "तुझी ती पुण्यातली असती तर तीच उसवून घातली असती."

मी नुसतं "हो" म्हटलं.

ॲकेटन उसवायला दोन संध्याकाळी लागल्या, शिवायला सहा महिने लागले होते. विकतचा कापूस उपसला तो बर्फासारखा गालिच्यावर पडला. मग खिडकीखाली सगळं कापड अंथरलं, बाबांची धोतरं तळाला, त्यावर पातळं, मध्ये थोडा तोच कापूस, १३२२ च्या नियमासारखा. लुगडं फाडताना आवाज होतो तसा कुठल्याच कापडाचा होत नाही. दंडाच्या शिवणीपाशी ते अडलं. टाके इतके बारीक की माझ्या चष्म्याने दिसेनात. ती शिवण मी फाडली नाही, तशीच्या तशी डाव्या खांद्यात घातली, जिथे भाल्याचा दांडा टेकतो. आई फोनवर बघत होती. "टाके मोठे पडतायत." "कड आधी बंद कर, मग मधलं घे." "तिकडून सुरकुती आली बघ." तिला मध्ययुगाशी काही देणंघेणं नव्हतं. एवढा वेळ कुणी बसून शिवतं आणि मग थंडीत न पांघरता मैदानात नाचायला नेतं, हे तिला शेवटपर्यंत विचित्रच वाटत राहिलं. माझं म्हणाल तर मलाही कधी कधी वाटतं. ज्याला पर्याय नव्हता त्याची गरिबी मी हौसेने अंगावर चढवतो, आणि रविवारी रात्री गरम पाण्याचा नळ सोडतो.

मे महिन्यातल्या पहिल्या कार्यक्रमाला तपासणी झाली. सुताराने घेर उलटा करून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला, बाही दाबली. दुसऱ्यांदा दाबली. "बसलाय चांगला," म्हणाला. आत काय ते विचारलं नाही, नियमच तसा.

दुपारी पाऊस आला. अंगणात पाणी शिंपडल्यासारखा इथला नेहमीचा नाही, चांगला आपल्याकडच्या जुलैसारखा. आम्ही भाले रोवून गोलात उभे होतो, शिल्ट्रन म्हणतात त्याला, भाल्यांचं कुंपण, ज्याच्यापुढे बॅनकबर्नला घोडे अडले. ॲकेटन पाणी पीत गेला. दर दहा मिनिटांनी तो एक किलोने वाढतोय असं वाटत होतं. भिजल्यावर त्यातून वास यायला लागला. मी मान वळवून खांद्याशी नाक नेलं. ओली वाकळ. दसऱ्याच्या आधी नदीवर धुतलेली, दोघींनी दोन टोकं धरून पिळलेली, कोयनेच्या दगडांवर वाळत टाकलेली. शेजारचा भालाईत म्हणाला, "झोप आली का?"

तंबूत येऊन काढायला गेलो तर डाव्या काखेपासून खांद्यापर्यंत पांढऱ्या लिननवर गुलाबी डाग फुटला होता. चांगला तळहाताएवढा, कडेला गडद. काठाचा रंग, इतक्या वर्षांनी, इतक्या धुण्यांनंतर. बघायला आलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी आईचा हात ओढून म्हणाली, की बघ, याला खरंच लागलंय. सुताराने डोळे बारीक केले, डाग बोटाने घासला, बोटाचा वास घेतला. "पुढच्या खेपेला हे दिसता कामा नये," म्हणाला. मग जाता जाता, "नाहीतर कुणी विचारलं तर रक्त म्हणून सांग. मुलांना आवडतं."

रात्री बाथटबवर ॲकेटन टांगला, खाली टपटप गुलाबी पाणी, आणि फोटो काढून आईला पाठवला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळी उठलो तर तिचा आवाज आलेला होता, मागे कुकरची शिट्टी. "अरे, इरकल ते. आधी रातभर मिठाच्या पाण्यात घालायचं असतंय. तुला एवढं पण ठाऊक नाही होय? आता उसव ते खांद्याचं, आणि वाळव आधी, ओलं उसवू नको, फाटंल."